चार पदरी दोरा

शर्टाचं बटण दोन तऱ्हांनी जातं. एक म्हणजे झिजून. दोरा विरत जातो, बटण लोंबायला लागतं, आणि एक दिवस जिन्यात नाहीतर धुण्याच्या बादलीत सापडतं. कापडावर दोऱ्याच्या दोन-चार शेपट्या उरतात. दुसरी तऱ्हा म्हणजे ओढून. तेव्हा शेपट्या उरत नाहीत. बटणाबरोबर कापडही निघून येतं आणि मागे नखाएवढं भोक राहतं.

काजमावशीला हे एकोणतीस वर्षं ठाऊक होतं. मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात, खिडकीलगतच्या स्टुलावर बसून, तिनं तेवढी वर्षं काजं केली होती आणि बटणं लावली होती. मास्तर कापड कापायचे, मशीनवरच्या दोघी शिवायच्या, आणि सगळ्यात शेवटी कपडा तिच्याकडे यायचा. काज म्हणजे बटण आरपार जावं म्हणून पाडलेली चीर. ती पाडायला एक क्षण लागतो. तिच्या कडा उसवू नयेत म्हणून टाक्याला टाका लावत त्या बांधायला दहा मिनिटं. गल्लीत मशीनवर काजं करून देणारी चार दुकानं झाली होती, तरी चांगला कोट शिवून घेणारी माणसं मावशीच्याच हातचं काज मागायची. शेजारचं एक लहान मूल तिला काजूमावशी म्हणायचं. मास्तरांनी तेच उचललं होतं.

"काय काजूमावशी, आज भाव काय?"

"तुमच्या अकलेपेक्षा महाग."

असं रोज चालायचं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. एकुलती लेक लग्न होऊन त्याच शहरात, बसने अर्ध्या तासावर राहत होती. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. मावशीची दीड खोली, हे दुकान आणि लेक, एवढाच पसारा.

एका सकाळी दुकानात एक चष्मेवाली तरुणी आली. गळ्यात शिट्टी अडकवलेली. हातात बायकी शर्ट.

"याचं दुसरं बटण असं लावून द्या, की ओढलं की तुटलं पाहिजे."

मशीनी थांबल्या. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तशी बटणं लावणारा एक होता आमच्याकडे. काढून टाकला त्याला."

सगळे हसले. तीही हसली आणि मग समजावून सांगायला लागली. वस्तीतली आठ माणसं मिळून नाटक बसवत होती. अंगणांत, बस थांब्यांवर, शाळेच्या आवारात ते करणार होती. नवरा बायकोला मारतो, त्याचं नाटक. तो तिची गळपट्टी धरतो, बटण तुटतं. ती आईकडे जाते. आई बटण लावून देते आणि तिला परत पाठवते. पुन्हा तेच. पुन्हा ती आईच्या दारात उभी राहते, आणि तिथं नाटक थांबतं.

"म्हणजे अर्धवट?" मास्तरांनी विचारलं.

"हो. उरलेलं बघणारे सांगतात. आईनं काय करायला हवं होतं, नवऱ्याच्या मित्रानं काय करायला हवं होतं. ती चर्चाच खरं नाटक."

मावशीनं एकपदरी दोऱ्यानं, गाठ न मारता, दोन टाक्यांत बटण अडकवलं आणि शर्ट परत दिला. तासाभराचं कौतुक होतं, एवढंच. पण संध्याकाळी घरी जाताना वाचनालयाच्या मागच्या खोलीतून शिट्टी ऐकू आली, आणि आपलं बटण तुटतंय का ते बघायला ती आत डोकावली.

तालीम रंगात आली होती. नवऱ्याचं काम दवाखान्यातला कंपाउंडर करत होता. जन्मभर इंजेक्शन देताना "दुखणार नाही हं" म्हणणारा माणूस. बायकोचं काम बसमधली तिकीटवाली करत होती. तिचा आवाज तीन थांबे पलीकडे जायचा.

कंपाउंडरनं गळपट्टी धरली. बटण टुपकन सुटलं आणि घरंगळत बाकाखाली गेलं.

"माफ करा हं, ताई," कंपाउंडर म्हणाला.

"अहो, मारा की नीट! पाहुणे आल्यासारखे काय मारताय!" तिकीटवाली ओरडली.

सगळे हसत होते. मावशीही हसली. हसता हसता म्हणाली, "असं नाही तुटत बटण."

"मग कसं तुटतं?" त्या चष्मेवाल्या तरुणीनं, सगळ्यांच्या शिट्टीताईनं, विचारलं.

"नुसतं बटण नाही येत. कापड येतं. आणि टुपकन नाही, चर्र आवाज होतो. खरं करायचं असेल तर तिथं आधीच भोक पाडून मागून ठिगळ..." मावशी बोलता बोलता थांबली.

खोलीतलं हसू ओसरलं होतं.

"तुम्हाला कसं माहीत, मावशी?"

"मला?" ती म्हणाली. "एकोणतीस वर्षं बटणंच लावतेय मी."

हे खोटं नव्हतं. म्हणून ते सहज तोंडातून निघालं. घरी पोचेपर्यंत मात्र तिच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं होतं.

लेक तिच्याकडे तीनदा निळा कोट घेऊन आली होती. कारखान्यात घालायचा, पाच बटणांचा कोट. पहिल्यांदा आली तेव्हा दुसरं बटण नव्हतं. "मशीनमध्ये अडकलं," लेक म्हणाली. मावशीनं कोट उजेडात धरला. बटणाच्या जागी नखाएवढं भोक होतं. शेपट्या नव्हत्या. गळपट्टीची शिवण एका बाजूनं ताणलेली होती. पॅकिंगच्या मशीनला गळपट्टी धरता येत नाही, हे कळायला शहाणपण लागत नव्हतं.

मावशीनं काही विचारलं नाही. मागून ठिगळ लावलं आणि दुपदरी दोऱ्यानं बटण बसवलं. कोट देताना तेवढं म्हणाली, "सांभाळून घे गं."

लेक "हं" म्हणाली.

दुसऱ्यांदा तेच बटण. ठिगळासकट. या वेळी लेकीनं मशीनचं नाव घेतलं नाही. काहीच सांगितलं नाही. नुसती समोर बसून राहिली, दोन्ही हात मांडीत घालून. आईनं विचारावं म्हणून ती बसली होती. हे मावशीला तेव्हाच कळलं होतं, नंतर नव्हे. ती सुईत दोरा ओवत राहिली. ओवलेली सुई पुन्हा ओवली.

"तापट असतात काही माणसं," ती शेवटी म्हणाली. "सांभाळून घे. घर आहे तुझं."

तिसऱ्यांदा मावशीनं जाडं ठिगळ घेतलं, दोरा चार पदरी केला, मेण लावून ओढून घेतला आणि बटणाखालच्या दोऱ्याला, त्याच्या मानेला, सहा वेढे दिले. दुकानाची पाटी अडकवली असती तरी पेललं असतं ते बटण.

"आता नाही तुटायचं," ती म्हणाली. आवाजात थोडा कारागिराचा ताठा होता.

लेकीनं बटणावरून अंगठा फिरवला. "हो," ती म्हणाली. "बटण नाही तुटायचं."

त्यानंतर पाच महिने ती आली नव्हती. फोन केला की "कामात आहे" म्हणायची.

मावशीला सबब नव्हती. तिच्या स्वतःच्या नवऱ्यानं कधी तिच्यावर आवाजसुद्धा चढवला नव्हता. मार खाऊन गप्प बसायची सवय लागलेली ती बाई नव्हती. मग का गप्प बसली? याचं उत्तर इतकं लहान होतं की ते स्वतःशी म्हणायलाही तिला लाज वाटायची. जावई तिला आवडायचा. तिचा हात मोडला होता तेव्हा त्यानं तिला दवाखान्यात नेलं होतं. महिन्याकाठी येऊन नळ दुरुस्त करायचा, वरच्या फळीवरचे डबे काढून द्यायचा. मास्तरांपासून मशीनवरच्या पोरींपर्यंत सगळ्यांना तिनं शंभरदा ऐकवलं होतं, जावई कसला, मुलगाच आहे. ते शब्द परत गिळायचे कसे, एवढीच अडचण होती. तेवढ्यासाठी तिनं दोरा चार पदरी केला होता.

आठवड्यानं नाटकात आईचं काम करणारी पाळणाघरवाली यायची बंद झाली. रस्त्यात लोकांपुढे उभं राहायचं नाही, असं तिच्या नवऱ्यानं सांगितलं होतं.

"बघा," तिकीटवाली म्हणाली. "नाटकाचा परिणाम व्हायला लागला. उलटा."

शिट्टीताई पुन्हा दुकानात आली. "मावशी, तुम्हीच करा ना आई. बोलायचं फार नाही. बटण लावायचं आणि एक वाक्य."

"कुठलं?"

"सांभाळून घे गं."

मावशीनं बोटातलं शिवणाचं टोपण काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. मास्तर म्हणाले, "जा की! आमच्या दुकानातून एक तरी नटी निघू दे." मशीनवरच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

ती गेली. आणि वाईट गोष्ट अशी झाली की तिला ते फार छान जमलं. पहिल्याच तालमीत ती स्टुलावर बसली, तिकीटवालीचा शर्ट मांडीवर घेतला, तिच्याच सल्ल्यानं पाडलेल्या भोकावरून बोट फिरवलं आणि खाली बघत म्हणाली, "सांभाळून घे गं." तिकीटवालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कंपाउंडरनं नाक शिंकरलं.

"कुठून आणता हे?" शिट्टीताई म्हणाली. "अगदी आई वाटता."

पहिले चार प्रयोग झाले. प्रत्येक ठिकाणी त्या वाक्याला बायका डोळे पुसायच्या. नाटक संपलं की मावशीचा हात हातात घ्यायच्या. "आईचं काळीज हो," म्हणायच्या. "तिचा तरी काय इलाज." मावशी मान हलवायची. आपण चोरीचा माल मांडून बसलोय आणि लोक त्याची वाहवा करतायत, असं तिला वाटायचं. तरी प्रत्येक वेळी ती ते वाक्य जीव ओतून म्हणायची. जीव ओतून म्हटलं की लोक तिला माफ करायचे. त्याची तिला चटक लागली होती.

पाचव्या प्रयोगाची जागा शिट्टीताईनं वाचून दाखवली तेव्हा मावशीच्या हातातली सुई खाली पडली. लेकीच्या इमारतीचं आवार. रविवारी दुपारी चार वाजता.

बरं नाही असं सांगता आलं असतं. मनातल्या मनात तिनं तीन दुखणी तयारही केली. पण इतक्या महिन्यांत लेकीला बघण्याची ही पहिली संधी होती. लेक आपल्याकडे पुन्हा कधी येईल का, एवढं एकच तिला जाणून घ्यायचं होतं. शनिवारी तिनं नाटकातल्या शर्टाच्या भोकावर ठिगळ अडकवून बटण एकपदरी लावलं. नेहमीपेक्षा वेळ लागला.

आवारात शिरताच पहिल्यांदा जावई दिसला. तो खुर्च्या मांडत होता. बाह्या दुमडलेल्या, कपाळावर घाम.

"आई!" तो लांबून ओरडला. "अहो, आमच्या घरात नटी आहे आणि आम्हाला पत्ता नाही! या, या. पाणी आणू?"

त्यानं खरंच पाणी आणलं. सगळ्यांसाठी. कंपाउंडरच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तुम्हीच का ते नवरोबा? बघू, कसं मारता ते!" कंपाउंडर ओशाळून हसला.

"चांगला माणूस दिसतो," तिकीटवाली मावशीच्या कानाशी म्हणाली. "जावई का तुमचा? नशीब काढलंत."

लेक तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसली होती. उकडत होतं तरी गळ्यापर्यंत बटणं लावलेली. खालचा एक पुढचा दात अर्धा नव्हता. तिनं आईकडे पाहिलं नाही.

शिट्टी वाजली. नाटक सुरू झालं. कंपाउंडरनं गळपट्टी धरली, चर्र आवाज झाला, बटण पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यांच्या पायाशी जाऊन पडलं. त्यांनी ते उचलून खिशात टाकलं. कुणीतरी हसलं. तिकीटवाली शर्ट घेऊन आईच्या दारात आली. मावशी स्टुलावर बसली होती. तिनं शर्ट मांडीवर घेतला. भोकावरून बोट फिरवलं.

आणि पुढचं काही येईना.

तीन शब्दांचं वाक्य. दुकानात, घरात, झोपेत म्हटलेलं. ती तोंड उघडायची आणि आत हवा जायची, बाहेर काही यायचं नाही. तिकीटवालीनं खोकून इशारा दिला. मग पुन्हा जोरात खोकली. शिट्टीताई कोपऱ्यातून ओठ हलवून दाखवायला लागली. लोक चुळबुळले.

"सांभाळून घे गं."

आवाज तिसऱ्या रांगेतून आला. शांत. चुकलेला पाढा दुरुस्त करून सांगावा तसा.

आवारात एकदम हशा पिकला. "अरे वा, प्रॉम्प्टर आणलाय सोबत!" कुणीतरी म्हणालं. "मुलगी आहे त्यांची," दुसरं कुणी म्हणालं. "घरी पाठांतर घेतलं असेल." जावईही हसला. सगळ्यांत मोठ्यानं.

मावशी लेकीकडे बघत होती. लेक आता आईकडे बघत होती. हसत नव्हती.

आणि मावशीनं ते वाक्य म्हटलं. लोक थांबले होते, नाटक पुढे जायचं होतं, आणि ओठांवर आणून दिलेलं वाक्य तिनं म्हटलं. "सांभाळून घे गं." डबीतलं दुसरं बटण लावलं. शर्ट तिकीटवालीच्या हातात दिला. तिला परत पाठवलं. पाचव्यांदा. की आठव्यांदा.

चर्चेच्या वेळी शिट्टीताईनं नेहमीचा प्रश्न विचारला. आईनं काय करायला हवं होतं? एक आजोबा म्हणाले, जावयाला बोलावून समजावायला हवं होतं. एक बाई म्हणाली, दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या. पोरींनी शिट्ट्या मारल्या. मग जावयानं हात वर केला. तो उभा राहिला, शर्ट नीट केला.

"मला विचाराल तर आईची चूक आहे," तो म्हणाला. "सरळ आहे. आईनं मुलीला घरी घेऊन यायला हवं होतं. पहिल्याच वेळी."

आवारात टाळ्या पडल्या. शेजारच्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. लेक मांडीतल्या हातांकडे बघत होती.

मावशी स्टुलावर बसून होती. त्या क्षणी तिला जावयाचा राग आला नाही. त्यानं जे सांगितलं ते बरोबर होतं, आणि ते सांगायला त्याला एक क्षणही लागला नव्हता. राग आला तो त्यानंतर, आणि तोही आधी स्वतःचा.

लोक पांगायला लागले. शेजारी आपापल्या खुर्च्या उचलून जिना चढत होते. कंपाउंडर आणि तिकीटवालीही हातभार लावत होते. लेक आपली खुर्ची घेऊन वर गेली. मावशी तिच्या मागोमाग गेली. दुसऱ्या मजल्यावर, उघड्या दारात, ती उभी राहिली. आत जावई चपला काढत होता.

"या आई, चहा घेऊन जा."

"चहा नको," मावशी म्हणाली. "हिला न्यायला आलेय."

"कुठं?"

"घरी."

तो हसला. "आई, नाटक संपलं की हो."

जिन्यात खुर्च्या घेऊन माणसं थांबली होती. वाट अडली होती म्हणून थांबली होती, पण थांबली होती. मावशीनं मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग आवाज चढवला. तिकीटवालीसारखा नाही जमला, पण खालच्या मजल्यापर्यंत गेला.

"तुम्हीच म्हणालात ना, खाली. सगळ्यांसमोर. आईनं घरी घेऊन यायला हवं होतं. म्हणून आलेय. पहिल्या वेळी नाही जमलं मला."

जावयाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यामागचा माणूस निघून गेल्यासारखं झालं. त्यानं जिन्याकडे पाहिलं. नुकत्याच टाळ्या वाजवणाऱ्या माणसांकडे. कंपाउंडरनं हातातली खुर्ची हळूच खाली ठेवली आणि तो मावशीच्या शेजारी येऊन उभा राहिला. "आम्ही थांबतो, ताई," तो लेकीला म्हणाला. "तुम्ही आवरा सावकाश."

लेक मात्र हलली नाही. ती आईकडे बघत होती. पिशवी भरून खाली गेल्यावर आई पुन्हा काहीतरी लावून, शिवून आपल्याला परत पाठवेल, असं तिच्या डोळ्यांत होतं. मावशीला ते वाचता आलं. ती उंबऱ्यात खाली बसली.

"तू येईस्तोवर बसते मी," ती म्हणाली.

लेकीला दहा मिनिटं लागली. एक पिशवी आणि खुंटीवरचा निळा कोट.

जिन्यात माणसं नसती, खाली त्या टाळ्या वाजल्या नसत्या, तर मावशी दारात बोलली असती का? हे तिला आजही सांगता येत नाही. ती स्वतःला फसवत नाही. बहुतेक नसती बोलली.

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. तीन थांबे गेले. लेकीनं मांडीवरचा कोट उलगडला. दुसरं बटण जागच्या जागी होतं. चार पदरी दोरा, सहा वेढे. एक धागा हलला नव्हता.

"बघ," लेक म्हणाली. "तुटलं नाही."

मावशीनं पाहिलं.

"आधी तुटायचं," लेक खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तो धरायचा, बटण तुटायचं, मी सुटायचे. मोरीत जाऊन आतून कडी लावायचे. ह्या वेळी तुटलं नाही. मी त्याच्याबरोबर ओढत गेले. ओट्याच्या कडेवर आपटले." तिनं जिभेनं अर्धा दात चाचपला. "एवढंच. तुझं काम चांगलं असतं."

ती टोमणा मारत नव्हती. मारला असता तर सोपं गेलं असतं. मावशीनं बटणावर हात ठेवला आणि उरलेले सगळे थांबे तो तिथून उचलला नाही. लेकीला हात लावायची तिला हिंमत झाली नाही.

त्याला आता पाच महिने झाले. लेक दीड खोलीत राहते. कारखान्यात जाते. वकीलबाईंकडे शिट्टीताईबरोबर जाते, आईबरोबर नाही. आईशी बोलते ते दूध, चावी, नळ एवढंच. मावशी दुकानात आता जावयाबद्दल बोलत नाही. मास्तरांना तिनं एकदाच सगळं सांगितलं, काही न वगळता, चार पदरी दोऱ्यासकट. मास्तर बराच वेळ कापडावर खडूनं रेघा मारत राहिले. त्या दिवसापासून ते तिला काजूमावशी म्हणत नाहीत. तिला त्याचं वाईट वाटतं, पण ती ते बोलून दाखवत नाही.

नाटक सोडावं असं तिनं ठरवलं होतं. मग एका संध्याकाळी, मावशी सुईत दोरा ओवत असताना, लेकीनं पाठमोरी राहूनच विचारलं, "अजून म्हणतेस का ते वाक्य?"

"महिन्यात नाही गेले. दुसरी कुणीतरी करतेय."

"कशी करते?"

"वाईट. लोक रडत नाहीत."

लेक वळली. बऱ्याच दिवसांनी तिनं आईकडे सरळ पाहिलं.

"तू करायचीस तेव्हा लोक तुझ्यासाठी रडायचे," ती म्हणाली. "मी बघितलं ना त्या दिवशी. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी. आईचा तरी काय इलाज, म्हणत होत्या शेजारच्या बायका. इलाज होता. तू मला विचारायचं होतंस. तेवढाच."

"हो," मावशी म्हणाली.

"करायचं तर कर. पण रडवू नकोस. तू आवडता कामा नयेस त्यांना."

मावशी पुन्हा जायला लागली. आता ती वाक्याआधी थांबत नाही, भोकावरून बोट फिरवत नाही. शर्ट उजेडात धरते. भोक तिला दिसलंय, हे सगळ्यांना दिसेल इतका वेळ धरते. मग ठिगळ लावते, आणि टाका घालता घालता, मान वर न करता, दळण आणायची आठवण करावी तसं म्हणते, "सांभाळून घे गं." दोरा दातांनी तोडते. कपडा परत देते.

कुणी डोळे पुसत नाही. नाटक संपल्यावर कुणी तिचा हात हातात घेत नाही. परवा शाळेच्या आवारात एक बाई पहिल्या रांगेतून उठून म्हणाली, "आई आहेस की कोण आहेस गं तू?" आणि टाळी पडली नाही. चर्चा दीड तास चालली.

"आज लोक तुमच्यावरच चिडले, मावशी," कंपाउंडर सामान आवरताना काळजीनं म्हणाला. "मनाला लावून घेऊ नका."

मावशीनं सुया मोजून डबीत ठेवल्या. मग तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. त्या रविवारनंतर लेक पहिल्यांदाच प्रयोगाला आली होती. निळा कोट घातला होता, दुसरं बटण उघडं. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. ती अजून बसून होती.